मुलांसाठी शहर बनवायचंय? मग मुलांना आधी बाजूला करा

तर तुमच्या गळ्यात मुलांसाठी शहर डिझाइन करायचं काम पडलंय, अभिनंदन! टेन्शन घेऊ नका, पोरखेळ आहे. पहिलं पथ्य म्हणजे चुकूनही कुठल्या मुलाला काही विचारायचं नाही. इटलीत फानो नावाचं एक शहर आहे, तिथे १९९१ पासून हा उद्योग सुरू केला, मुलांना बसवून शहराबद्दल त्यांचं मत विचारायला लागले. मुलं काय, सरळ विचारतात की आम्हाला एकट्याने शाळेत का जाता येत नाही. आता याला उत्तर देणार कोण?

जागा निवडताना आधी रस्ते, पार्किंग, दुकानं सगळं आखून घ्या आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरच्या मागे जो तिकोनी तुकडा उरतो ना, ज्यात कुणालाच इंटरेस्ट नसतो, तो मुलांचा. त्याला उंच जाळी मारा. स्टीलची घसरगुंडी बसवा, तोंड पश्चिमेला आणि वर सावली अजिबात नको, म्हणजे दुपारी हात लावला की मूल आपोआप घरी जातं, वॉचमन लागत नाही. दारावर मोठा बोर्ड लावा. वरती संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम ३१ छापा, खेळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे वगैरे, १९८९ चा करार आहे, भारदस्त वाटतं. खाली चेंडू आणू नये, सायकल आणू नये, झाडावर चढू नये, आरडाओरडा करू नये. वेळ सकाळी दहा ते चार ठेवा, तेव्हा मुलं शाळेत असतात, त्यामुळे गर्दी होत नाही.

आता मुख्य मुद्दा, उंची. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटीमीटरचं असतं आणि काही रिकामटेकडे लोक म्हणतात की डिझाइन करणाऱ्याने त्या उंचीवरून शहर बघावं. अजिबात बघू नका, रात्री झोप लागणार नाही! उकिडवं बसून एकदा चौकात बघितलंत तर दिसेल की पार्क केलेली गाडी म्हणजे भिंत आहे, पलीकडून काय येतंय ते दिसत नाही आणि येणाऱ्यालाही भिंतीमागचं डोकं दिसत नाही, धुराची नळी नाकाच्या जवळपास, सिग्नलचं बटण डोक्याच्या वर, आणि तुम्ही हौसेने निवडलेला नकाशाचा फलक म्हणजे दोन लोखंडी खांब. म्हणून काम कायम स्क्रीनवर, वरून करायचं. वरून सगळं सुंदर दिसतं, झाडं तर फारच.

रस्ते रुंद आणि सरळ ठेवा. वेग ताशी ३० वरून ५० केला की धडकेतली ऊर्जा जवळपास पावणेतीनपट होते, पण हे भौतिकशास्त्र झालं, तुम्ही डिझायनर आहात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून जास्त मुलं दगावली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' असं थेट नाव देऊन आंदोलन केलं, आणि १९७६ मध्ये तिथे चक्क कायद्यात आलं की काही निवासी गल्ल्यांमध्ये गाडीने माणसाच्या चालीने जायचं आणि मुलांनी रस्त्यातच खेळायचं. अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर आधीच प्रत्येक पालकाच्या डोक्यात घाला की मूल नीट सांभाळता येत नाही हा दोष त्यांचाच आहे.

आल्डो व्हान आयक या आर्किटेक्टचा आदर्श तर मुळीच नको. त्याने १९४७ पासून ॲमस्टरडॅममध्ये सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या, त्याही कोपऱ्याकोपऱ्यावर, मोकळ्या पडलेल्या प्लॉटवर, वाळूचा हौद, चार वाकवलेले पाइप, काही ठोकळे, बस. ना हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी ना उद्घाटनाचा फोटो. कोपनहेगनला १९४३ मध्ये तर मुलांना भंगार, फळ्या आणि हत्यारं देऊन काय बांधायचं ते बांधा म्हणून सोडलं होतं. (मुलं बांधत बसली, हे जास्त धोकादायक.)

एवढं सगळं नीट पाळलंत की दोन-तीन वर्षांनी पाहणी करा. बागेत चिटपाखरू नसेल. अहवालात लिहा, आजकालची मुलं मोबाइलमध्येच असतात, मागणीच नाही, आणि त्या तिकोनी तुकड्यावर पार्किंगचा प्रस्ताव टाका, पाच मिनिटात मंजूर होईल. ते मात्र चोवीस तास उघडं ठेवा, लोकांची गैरसोय नको.