बँका पैसा निर्माण करतात, पण दाव्यात सांगितलाय तसा नाही

सध्या एक दावा जोरात फिरतो आहे: ‘बँक 100 च्या ठेवीतले 10 बाजूला ठेवून 90 कर्जाने देते, ते फिरत फिरत 1000 होतात. हा पैसा फुकट आणि हवा तितका बनतो. व्याजापुरता पैसा मात्र कोणी बनवतच नाही, म्हणून कर्ज फिटणं अशक्य. आणि मागून केंद्रीय बँक नोटा छापून बँकांच्या झोळीत टाकते.’

कर्जातून पैसा तयार होतो, हे खरंच आहे. बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या तिमाही पत्रिकेत ते सरळ लिहिलं. गफलत त्यापुढे आहे.

दहापटीचं गणित आधी निकालात काढू. बँक कोणाची ठेव उचलून कर्ज देत नाही. 1 लाखाचं कर्ज दिलं की ताळेबंदात एकाच वेळी दोन नोंदी पडतात: येण्यात 1 लाखाचं कर्ज, देण्यात कर्जदाराच्या खात्यावर 1 लाख जमा. राखीव निधीची, म्हणजे केंद्रीय बँकेत ठेवायच्या रकमेची, तजवीज मागाहून होते. अमेरिकेत 26 मार्च 2020 पासून सक्तीचं राखीव प्रमाण (ठेवीतला बाजूला ठेवावा लागणारा हिस्सा) शून्य आहे; दाव्यातलं ‘ठेव भागिले राखीव प्रमाण’ हे सूत्र खरं असतं तर तिथला पैसा त्या दिवशी अनंत व्हायला हवा होता.

‘फुकट, हवा तितका’ इथे दावा सर्वांत कच्चा आहे. कर्जदार पैसे खात्यात पडू देत नाही, विक्रेत्याला देतो, आणि विक्रेत्याचं खातं बऱ्याचदा दुसऱ्या बँकेत असतं. ती रक्कम केंद्रीय बँकेतल्या शिलकीतून चुकवावी लागते. ही शिलक बँकेला स्वतः बनवता येत नाही. ठेवी ओढून, रोखे विकून किंवा उसनी आणावी लागते. शिवाय बासल-3 या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जोखीमभारित मालमत्तेच्या (प्रत्येक कर्ज त्याच्या जोखमीनुसार ठरलेल्या टक्क्याने, म्हणजे ‘भारा’ने, गुणून येणाऱ्या रकमेच्या) 8 टक्के भांडवल, म्हणजे तोटा सोसायला मुख्यतः मालकांनी घातलेला पैसा, लागतं, वर 2.5 टक्के सुरक्षा थर. 100 टक्के भार असलेल्या 1 लाखाच्या कर्जामागे हे 10,500 झाले. कर्ज पूर्ण बुडालं तर येणं पुसलं जातं, देणं तसंच राहतं आणि खड्डा भांडवलाला पडतो: एक बुडीत कर्ज साडेनऊ चांगल्या कर्जांमागचं भांडवल खाऊन टाकतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून 9 मार्च 2023 रोजी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी तिला टाळं लागलं. हवेतून पैसा काढता येत असता तर तिने तो काढला नसता का?

व्याजाचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. 1 लाख, वार्षिक 12 टक्के, 12 मासिक हप्ते: हप्ता सुमारे 8,885, वर्षाचं एकूण व्याज सुमारे 6,619. हे 6,619 कुठून येणार? पहिल्या हप्त्यातलं मुद्दल 7,885. तेवढा पैसा नाहीसा होतो. व्याजाचे 1,000 मात्र बँकेचं उत्पन्न असतात. पगार, ठेवींवरचं व्याज, लाभांश या वाटांनी ते परत लोकांच्या खात्यांवर येतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कमावता येतात. बँकेने नफा दाबून ठेवला आणि नवी कर्जंही आटली, तर मात्र चणचण खरी असते. मंदीत हेच घडतं.

नोटा छापण्याबद्दल थोडक्यात. केंद्रीय बँक रोखे विकत घेते आणि बदल्यात शिल्लक देते. ही अदलाबदल आहे, देणगी नव्हे. त्याने रोख्यांचे भाव चढतात आणि ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांचं फावतं, ही तक्रार रास्त आहे.

खरा वाद घालायचा तर तो जोखीमभारावर घाला. बासलच्या अंतिम नियमांत, कर्जदाराच्या स्वतःच्या कमाईतून फिटणारं आणि घराच्या किमतीच्या 60 ते 80 टक्क्यांत बसणारं गृहकर्ज असेल तर भार फक्त 30 टक्के. म्हणजे 1 लाखामागे 3,150 भांडवल पुरतं. पतमानांकन नसलेल्या मोठ्या कंपनीला तेवढंच कर्ज दिलं तर 10,500 अडकतात. साहजिकच बँकेचा कल घरांकडे झुकतो. जुन्या घरावरच्या कर्जाने नवं घर उभं राहत नाही, भाव वाढतो; आणि भाव वाढला की त्याच 80 टक्क्यांत अधिक मोठं कर्ज बसतं.