अनुनाकी, निबिरू आणि सोन्याच्या खाणी : पाट्यांवर खरं काय लिहिलंय?

दावा बहुतेकांच्या कानावर आलेला असेल. साडेचार लाख वर्षांपूर्वी निबिरू ग्रहावरून अनुनाकी नावाचे परग्रहवासी पृथ्वीवर उतरले. त्यांना सोनं हवं होतं. खाणीत राबायला मजूर हवेत म्हणून त्यांनी स्वतःच्या आणि इथल्या आदिमानवाच्या जनुकांची सरमिसळ करून आपल्याला घडवलं, आणि दक्षिण इराकातल्या प्राचीन सुमेरी लोकांनी हे मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलं. १९७६ साली जकरिया सिचिन यांनी ‘द ट्वेल्थ प्लॅनेट’ या पुस्तकात हे मांडलं आणि तेव्हापासून ते जगभर फिरतं आहे. माझा राग परग्रहवासीयांवर नाही. पाट्यांवर जे खरोखर लिहिलंय ते या गोष्टीखाली गाडलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

‘माणूस सोनं खणायला घडवला, असं पाट्या सांगतात.’

माणसाच्या जन्माची कथा सर्वांत सविस्तर येते ती ‘अत्रहासिस’ या काव्यात. ते अक्कादी या मेसोपोटेमियातल्या दुसऱ्या प्राचीन भाषेत आहे. त्याची तीन पाट्यांवरची एक प्रत इ.स.पू. सतराव्या शतकातली आहे. काव्याची सुरुवातच विलक्षण आहे : देव जेव्हा माणसं होते, म्हणजे माणसासारखे राबत होते, तेव्हाची ही गोष्ट. इगिगी नावाचे धाकटे देव नद्या आणि कालवे खणतात. तैग्रिस आणि युफ्रेटिस त्यांनीच खणलेल्या. एके दिवशी ते थकतात, अवजारं आणि टोपल्या पेटवून देतात आणि रात्री थोरल्या देवांपैकी एन्लिलच्या घराला वेढा घालतात. मग तोडगा निघतो : हे ओझं माणसानं उचलावं. एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवतात, त्या मातीचे चौदा गोळे करतात आणि चौदा जन्मदेवता माणसं घडवतात.

यात सोन्याची खाण कुठेही नाही. आहे तो कालवा. दक्षिण इराकात पाऊस इतका कमी की कालव्याशिवाय पीक नाही, आणि कालवा म्हटला की गाळ आला. तो उपसायला माणसं लावली जात. ज्याच्या डोक्यावर टोपली होती त्याला ‘हे आमच्याच वाट्याला का?’ असा प्रश्न पडला नसेल का? मला ही कथा त्या प्रश्नाचं उत्तर वाटते. त्यातला श्लेषही सुंदर आहे. मारलेल्या देवाच्या नावात ‘अवीलुम’, म्हणजे माणूस, ऐकू येतो. त्या देवाकडे ‘तेमु’, म्हणजे बुद्धी, होती आणि त्याच्या देहातून ‘एतेम्मु’, म्हणजे मेल्यावरही उरणारा आत्मा, माणसात आला. हे कवीचं काम आहे. त्याला प्रयोगशाळेचा अहवाल म्हणणं म्हणजे त्या कवीवर अन्याय आहे.

‘निबिरू दर ३,६०० वर्षांनी येतो.’

पाट्यांवरचा मूळ शब्द ‘नेबेरू’, म्हणजे ओलांडण्याची जागा, जसा नदी पार करायचा उतार. ‘एनूमा एलिश’ या बाबिलोनी सृष्टिकाव्यात हे बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक याच्या ताऱ्याचं नाव आहे, आणि खगोलविषयक पाट्यांमध्ये ते बहुतेक वेळा गुरू ग्रहाशी जोडलेलं दिसतं. बाबिलोनी ज्योतिषी ग्रह मोजत ते पाच : बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी.

मग ३,६०० कुठून आले? सुमेरी गणती ६० वर चाले आणि ६० गुणिले ६० म्हणजे एक ‘सार’. कथेतल्या महापुरापूर्वीच्या सुमेरी राजांची यादी पाहा. एरिदू शहराचा पहिला राजा अलुलिम याची कारकीर्द २८,८०० वर्षं, म्हणजे बरोबर आठ सार. आपल्या पुराणांतलं ४,३२,००० वर्षांचं कलियुग ज्यांना ठाऊक आहे त्यांना असे अवाढव्य गोल आकडे ओळखीचे वाटतील. बेरोसस या बाबिलोनी पुरोहितानेही पुरापूर्वीच्या दहा राजांना मिळून १२० सार दिले आहेत, म्हणजे ४,३२,००० वर्षंच. हे आकडे काळाची भव्यता सांगतात. त्यांत कुठल्याही ग्रहाची कक्षा नाही.

गणितही करून पाहावं. ३,६०० वर्षांची फेरी असेल तर सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या सुमारे २३५ पट येतं. नेपच्यून ३० पटीवर आहे. मंगळ-गुरूच्या मधून जाणाऱ्या अशा ग्रहाचं दुसरं टोक ४६० पटींच्याही पलीकडे जाईल, आणि त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या काळोखात जाईल.

‘बर्लिनच्या मुद्रेवर सूर्यमाला कोरली आहे.’

‘व्हीए २४३’ ही ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायची दंडगोल मुद्रा. एक तारा, त्याभोवती अकरा ठिपके. पण मुद्रेवर मजकूरही आहे, आणि त्यात कुणा मालकाचं आणि त्याच्या सेवकाचं नाव आहे. ग्रहांविषयी एक अक्षर नाही.

‘मु म्हणजे अग्निबाण.’

सुमेरी ‘मु’, अक्कादी ‘शुमु’ : अर्थ नाव. ही जोडी आजच्या अभ्यासकांनी लावलेली नाही. मेसोपोटेमियाच्या लेखनिकांनी स्वतः केलेल्या द्विभाषिक शब्दसूच्यांत ती आहे. सुमेरी काव्यात राजा गिल्गामेश मृत्यूच्या विचाराने अस्वस्थ होऊन देवदाराच्या डोंगराकडे निघतो तो तिथे आपलं ‘मु’ स्थापन करायला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपणही म्हणतोच, पोरानं नाव काढलं, मागे नाव ठेवून गेला.

‘माणूस आणि संस्कृती, दोन्ही एकाएकी प्रकटले.’

मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूद इथे सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची माणसं सापडली आहेत. चेहरा आपल्यासारखा, कवटी मात्र अजून लांबट. बदल तुकड्यातुकड्यानं झाला.

आणि सुमेर? एरिदू हे राजांच्या यादीतलं पहिलं शहर. फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी १९४६ ते १९४९ या काळात ते खणलं, तेव्हा देवळाखाली देऊळ, त्याखाली आणखी देऊळ असे थर उतरत गेले. तळाशी कच्च्या विटांचं, एका लहान खोलीएवढं देऊळ होतं, लिपीच्याही हजारो वर्षं आधीचं. पिढ्यानपिढ्या त्याच जागी जुनं बुजवून नवं, थोडं मोठं बांधलं गेलं. त्यांतल्या काही देवळांत माशांचे काटे सापडले : नैवेद्याच्या माशांचे.