अल्टो म्हणजे उरलेल्यांचा आवाज? कुणी सांगितलं?

गेल्या रविवारी ताईचा फोन. "अगं, हिला शाळेच्या कॉयरमध्ये अल्टोत टाकलंय. डॉक्टरला दाखवू का?" कॉयर म्हणजे मिळून गाणारा गट. त्यात बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा अल्टो; पुरुषांचा उंच टेनर, खालचा बास. भाची तेरा वर्षांची, आणि अल्टो असणं हा काही आजार नव्हे. डॉक्टरचा विषय निघाला तो 'मुलीचा आवाज ओळखा' नावाच्या फॉरवर्डवरून. सोसायटीच्या ग्रुपवरून भिशीच्या ग्रुपवर, तिथून ताईकडे, आणि परवा ऑफिसातल्या एकीनं तोच मला पाठवला. वर 'खूप उपयुक्त माहिती'! मी अकरा वर्षं कॉयरमध्ये अल्टो गातेय. आता गप्प बसणं जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अल्टो म्हणजे लॅटिनमध्ये 'खालचा'. तो जाड, पुरुषी आवाज. ज्या मुली सोप्रानोपर्यंत पोचत नाहीत, त्या उरलेल्यांना अल्टोत बसवतात. आपल्या शास्त्रीय गायिका सगळ्या सोप्रानो, तेव्हा अल्टो आपल्याकडचा नव्हेच. आणि शेवटी उपाय: पहाटे ज्येष्ठमध चघळून चाळीस दिवस वरच्या पट्टीत 'ताणून' गा, अल्टोचा सोप्रानो होतो.

पहिल्याच वाक्याला घोडं पेंड खातं. लॅटिन 'आल्टुस' म्हणजे उंच. विमानात 'अल्टिट्यूड' ऐकतो ना, त्याच घरातला शब्द. मग बायकांच्या खालच्या आवाजाला 'उंच' का म्हणतात, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. पडला असता तर त्यानं ग्रोव्हचा संगीतकोश उघडला असता. २००१च्या आवृत्तीचे २९ खंड आहेत, मोठ्या ग्रंथालयात मिळतात. युरोपात चर्चच्या जुन्या गायनात मूळ धून लांबवून धरून ठेवणारा आवाज म्हणजे टेनर. 'तेनेरे' म्हणजे धरणं. त्याच्या जोडीला उभा केलेला आवाज तो काँट्राटेनर. पंधराव्या शतकात चार आवाजांची रचना रुळली तेव्हा काँट्राटेनरचे दोन भाग झाले. टेनरच्या खालचा 'बासुस', टेनरच्या वरचा 'आल्टुस'. म्हणजे उंची मोजली ती टेनरपासून. पुढे बायका कॉयरमध्ये गायला लागल्या, त्यांच्यातल्या खालच्या आवाजांकडे ही ओळ आली, आणि नाव तेवढं जुनंच राहिलं.

'पुरुषी' म्हणणाऱ्यांसाठी गंमत अशी, की ही ओळ मुळात पुरुषच गायचे. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्या लाइपझिगमधल्या चर्चमध्ये अल्टो गायची ती मुलं आणि तरुण पोरं. इंग्लंडच्या कित्येक कॅथीड्रलांत आजही बाप्ये अल्टो गातात, आणि त्यांचा तो आवाज जाड तर अजिबात नसतो.

आता 'उरलेल्यांचा' हा शब्द. याचा मला खरा राग आहे, कारण ताईनं तो मुलीसमोर मोठ्यानं वाचला. ताईकडे पेटी आहे. फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि म्हटलं, पांढरी एकचा सा धर. मंद्रातला सा दाब, तो बास. त्याच्या वरचा पंचम, तो टेनर. आता एकदम तार षड्ज, तो सोप्रानो. तिन्ही एकत्र वाजव. कसं वाटतं? "तंबोऱ्यासारखं." बरोबर. आता मधल्या सप्तकातली पांढरी तीन दाब, शुद्ध गंधार. पलीकडे पेटी एकदम उजळली. ती पट्टी सोडून काळी दोन दाब, कोमल गंधार. क्षणात सगळं उदास. बाकी तिघांनी बोट हलवलेलं नाही. तो मधला सूर बहुतेक वेळा अल्टोकडे असतो. गाणं हसणार की रडणार हे ठरवणाऱ्याला उरलेला म्हणतात का? मागून भाची म्हणाली, "मावशी, माझा तोच सूर आहे." तिला आधीच माहीत होतं, विचारलंच नव्हतं कुणी.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. अल्टोला चाल क्वचित मिळते. सोप्रानो धून गाऊन टाळ्या घेतात आणि आम्ही चार-चार मात्रा एकाच सुरावर उभ्या, कंटाळा येतो. कॉयरमधल्या सगळ्या अल्टो काही जन्मजात खालच्या आवाजाच्या नसतात, हेही खरं. ज्यांना दुसऱ्याची चाल कानावर पडत असताना आपली ओळ सांभाळता येते, त्यांना शिक्षक तिकडे वळवतात. पण ही पसंती झाली, गाळ नव्हे. अल्टो ही कॉयरमधली जागा. एकल गाण्यातला बाईचा खरोखरचा खर्जदार आवाज तो काँट्राल्टो, आणि तो दुर्मीळ. अमेरिकन गायिका मेरियन अँडरसन काँट्राल्टो होत्या. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना वॉशिंग्टनमधलं सभागृह नाकारलं, तेव्हा ९ एप्रिल १९३९ला त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि ऐकायला सुमारे ७५ हजार माणसं जमली.

'आपल्या गायिका सगळ्या सोप्रानो' हे वाचून तर हसूच आलं. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्या किती बायकांचा षड्ज काळी चारच्या आसपास असतो! तोही मिडल सी, म्हणजे मघाच्या पेटीतली मधल्या सप्तकातली पांढरी एक, तिच्या खालच्या सप्तकातली काळी चार. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत त्या गायल्या, तर तो पल्ला जवळजवळ कॉयरच्या अल्टोचाच, उलट खाली थोडा जास्तच. सोप्रानोला त्याच षड्जाच्या हिशेबात अतितार सा ओलांडावा लागतो. मैफलीत तिथे कोण जातं? आणि गंगूबाई हनगल यांचा तो धीरगंभीर खर्ज ऐकून त्यांना वरच्या पट्टीत ताणून गा म्हणायची कुणाची छाती आहे? आपल्या कानांना सिनेमातल्या उंच आवाजांची सवय लागलीय, एवढंच.

उरला तो चाळीस दिवसांचा उपाय, आणि इथे मात्र चेष्टा पुरे. भाचीनं तो आठ दिवस केला. सकाळी साडेपाचला, गच्चीवर. रविवारी फोनवर तिचा आवाज ऐकला तर घोगरा, वाक्याच्या शेवटी निव्वळ हवा. स्वरतंतूंची लांबी-जाडी आपापली असते, ती ताणून बदलत नाही. सरावानं आवाजाचा पल्ला थोडा वाढतो, पण तो शिक्षकासमोर, हळूहळू, घसा सैल ठेवून. रोज ओरडून तंतू एकमेकांवर आपटले तर त्यांच्यावर गाठी येतात, आणि मग खरोखरच डॉक्टरकडे जावं लागतं. त्यात बारा-चौदाव्या वर्षी मुलींचाही आवाज बदलतो. मुलांइतका फुटत नाही म्हणून कळत नाही, पण त्यात हवा शिरते, वरचे सूर काही महिने रुसतात. या वयात तिला कायमची अल्टो ठरवू नये, हेही शाळेला सांगायला हवं. अठराव्या वर्षी ती सोप्रानो निघेल, नाहीतर मधलीच कुठली तरी. निघेल तेव्हा बघू.

तोवर गच्ची बंद. तीन दिवस कमी बोलायचं, भरपूर पाणी प्यायचं. ताईला एवढं पटलंय. ज्येष्ठमधाचं विचारत होती. म्हटलं, चघळू दे, तिला चव आवडते.