संबंध तोडून हुल्लडबाजी थांबत नाही

नागपुरातील फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून फिरतो आहे. एखाद्या सामन्यात रेफरीला घेराव पडला किंवा दोन मोहल्ल्यांची पोरे हातघाईवर आली, की तो नव्याने पुढे पाठवला जातो आणि त्याखाली सहमतीच्या अंगठ्यांची रांग लागते. त्याचा आशय असा की फुटबॉलचा प्रेक्षक मुळातच हुल्लडबाज असतो, तर क्रिकेटचा सभ्य असतो. समर्थकांच्या वागण्याची जबाबदारी क्लबची नसल्यामुळे क्लबने अशांशी सगळे संबंध तोडावेत. प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकांना मैदानात येऊच देऊ नये. बाकीचे काम पोलिसांच्या लाठीवर सोडावे, कारण इंग्लंडने हेच केले आणि तिथला फुटबॉल सुधारला. आणि हे झाले नाही तर कुटुंबे मैदानाकडे फिरकणार नाहीत. यातली शेवटची काळजी खरी आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. बाकीची विधाने तपासून पाहिली तर टिकत नाहीत. आपल्या शहरातले क्लब त्यांवर विसंबून वागू लागले, तर आज मैदानाच्या कडेला चार माणसे मध्ये पडून मिटणारे भांडण उद्या मिटणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

क्रिकेटच्या सभ्य प्रेक्षकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे ८ गडी १२० धावांत बाद झाल्यावर प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांना सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. त्याच मैदानावर फेब्रुवारी १९९९ मध्ये भारत–पाकिस्तान कसोटी गॅलऱ्या रिकाम्या करून संपवावी लागली. त्याहून जुने उदाहरण १ जानेवारी १९६७ चे आहे. वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीला जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली, बसायला जागा नसलेले लोक सीमारेषेकडे सरकले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि मग गॅलरी पेटली. या तिन्ही प्रसंगांत खेळ क्रिकेटच होता.

त्या विधानाच्या पोटात जी गोष्ट आहे, ती मला अधिक सलते. नागपुरात फुटबॉल म्हटले की कामठी आणि मोमिनपुरा ही नावे आधी येतात, आणि हा खेळ बघायला येणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभर राबून आलेला असतो. ‘मुळातच हुल्लडबाज’ हे शब्द त्याच्या वागण्याकडे पाहून लिहिलेले नाहीत, त्याच्या वस्तीकडे पाहून लिहिलेले आहेत. याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ पासून ‘स्लम सॉकर’चे काम उभे राहिले, इथली मुले पुढे बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. ज्या वस्तीबद्दल हा मजकूर तोंड वाकडे करतो, तिथल्याच पोरांना फुटबॉलने शिस्त लावल्याचा दाखला आपल्या गावात असताना, त्यांच्या भावांना आणि बापांना जन्मजात हुल्लडबाज ठरवणे हा अन्याय आहे.

आता इंग्लंड. लाठीने तिथला फुटबॉल सुधारला, हे विधान सर्वांत जास्त लोकांना पटते आणि सर्वांत जास्त चुकीचे आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे काही समर्थक इटलीच्या युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर काढले गेले. समर्थकांकडे कळपासारखे पाहण्याची वृत्ती त्याआधीही होती, ती आता धोरण बनली. उभे राहून सामना पाहण्याच्या गॅलऱ्यांपुढे उंच लोखंडी जाळ्या होत्याच. सरकारने प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचे करण्याची योजना आणली आणि तिच्यासाठी १९८९ मध्ये कायदाही केला. त्याच वर्षी १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना सुरू होताना पोलिसांनी बाहेरची गर्दी हलकी करण्यासाठी एक मोठा दरवाजा उघडला, पण आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. माणसे त्या जाळ्यांवर चिरडली गेली. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. जाळीपलीकडून ओरडणारी माणसे मदत मागत आहेत, हे सुरुवातीला लक्षात घेतले गेले नाही, कारण मैदानात घुसू पाहणारा तो हुल्लडबाज, ही समजूत आधीच पक्की झाली होती.

दोष दारुड्या समर्थकांचा आहे, अशी बातमी तेव्हा पसरवली गेली. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी पोलिसांचे नियंत्रण फसणे हे मुख्य कारण ठरवले, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने मृत्यू बेकायदा ठरवून समर्थकांना दोषमुक्त केले. टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालानंतर ओळखपत्राची योजना गुंडाळली गेली. जाळ्या काढल्या गेल्या, मोठ्या मैदानांवर सर्वांसाठी खुर्च्या आल्या, कॅमेरे आले, आणि १९९१ च्या कायद्याने वस्तू फेकणे, विनाकारण मैदानात उतरणे आणि वंशद्वेषी घोषणा देणे हे नेमके गुन्हे ठरवले. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर न्यायालय नावानिशी मैदानबंदी घालते. म्हणजे शिक्षा एकेका माणसाला आणि सोय सगळ्यांना, अशी ती व्यवस्था आहे. तिकिटे महाग होऊन तिथला कष्टकरी प्रेक्षक मैदानातून बाहेर ढकलला गेला, हा त्या बदलाचा वाईट भाग आहे आणि तो आपण उचलू नये. पण ‘इंग्लंडने लाठी वापरली’ असे सांगणाऱ्याने ती लाठी कुठे नेऊन सोडते, याचे उत्तर हिल्सबरोमध्ये शोधावे.

पोलिसांबद्दल आणखी एक पुरावा देतो. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालमध्ये सामने होणाऱ्या शहरांत पोलिसांनी दंगाविरोधी तुकड्या नजरेआड ठेवल्या आणि साध्या गणवेशातले पोलीस समर्थकांमध्ये मिसळून बोलत राहिले. ज्यांच्याबद्दल सर्वाधिक भीती होती ते इंग्लिश समर्थक तिथे शांत राहिले. अल्बुफेरा या समुद्रकाठच्या गावात दुसऱ्या पोलीस दलाचा जुना खाक्या होता आणि दंगल तिथे झाली. क्लिफर्ड स्टॉट आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. गर्दीतल्या शांत माणसाला आणि उपद्रवी माणसाला एकच वागणूक मिळाली, की शांत माणूस उपद्रवी माणसाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे.

प्रतिस्पर्धी समर्थकांना बंदी घालण्याची सूचना वरवर निरुपद्रवी वाटते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. अर्जेंटिनात २०१३ मध्ये बाहेरच्या संघाच्या समर्थकांवर बंदी घातली गेली आणि ती अनेक वर्षे टिकली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोपा लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीसाठी बोका ज्युनियर्सची बस रिव्हर प्लेटच्या मैदानाकडे येत असताना तिच्यावर दगड आणि बाटल्या पडल्या, खिडक्या फुटल्या, खेळाडू जखमी झाले. त्या दिवशी मैदानात बोकाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. सामना पुढे ढकलून शेवटी समुद्रापलीकडे माद्रिदला खेळवावा लागला. इंडोनेशियातील मलंग शहरात १ ऑक्टोबर २०२२ रोजी कंजुरुहान मैदानावर अरेमा आणि पर्सेबाया यांचा सामना होता. वैर जुने म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना येऊ दिले नव्हते. अरेमा ३–२ असा हरल्यावर त्यांचेच काही समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी मैदानात आणि गॅलरीतही अश्रुधूर सोडला, घाबरलेले लोक अरुंद आणि काही ठिकाणी बंद असलेल्या दरवाजांकडे धावले आणि १३५ जण मेले. मैदानात अश्रुधूर वापरू नये, असा फिफाच्या सुरक्षा नियमांचा स्पष्ट दंडक आहे. दोन्ही ठिकाणी समोरची बाजू हजरच नव्हती.

याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकत्र कोंबावे असा नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दोन्हींचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. दुसऱ्या सत्रातील एका धसमुसळ्या प्रसंगावरून मारामारी पेटली आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा जीव गेला. गॅलऱ्या वेगळ्या असाव्यात, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या असाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या १६ जणांच्या स्मरणार्थ कोलकात्यात दर वर्षी १६ ऑगस्टला फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरला न्याय मिळावा म्हणून याच दोन क्लबांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले, तेव्हा लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. ज्यांना एकमेकांसमोर येऊ देऊ नये असे सांगितले जाते, ती हीच माणसे आहेत.

सगळ्या मजकुराचा कणा मात्र ‘समर्थकांच्या वागण्याची जबाबदारी क्लबची नसते’ हे वाक्य आहे. नियम म्हणून ते चूक आहे. युरोपीय स्पर्धांच्या शिस्तसंहितेत क्लबचा स्वतःचा दोष नसला तरी समर्थकांच्या गैरवर्तनासाठी क्लबला दंड होतो. व्यवहार म्हणून ते त्याहून चूक आहे, आणि हे पाहायला लांब जावे लागत नाही.

आपल्याकडच्या मोहल्ला टुर्नामेंटची फायनल डोळ्यांसमोर आणावी. फक्कीची रेषा आखलेली असते आणि प्रेक्षक त्या रेषेला अंगठे लावून उभे असतात. लाइन्समन त्यांच्या खांद्यांना घासत धावतो, ऑफसाइडचा झेंडा वर गेला की शिवी त्याच्या कानाच्या वीतभर अंतरावरून येते, आणि तो वळून पाहत नाही, कारण वळला तर पुढचा चेंडू चुकतो. मग मागून पाण्याची पिशवी किंवा बाटली येते. त्या क्षणी रेषेवर पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘कोणाचा पोट्टा आहे रे हा?’ आणि उत्तर लगेच मिळते. त्याचा काका क्लबचा खजिनदार असतो किंवा मोठा भाऊ दोन मोसमांपूर्वी त्याच संघाचा स्टॉपर असतो. इंग्लंडला कॅमेरे लावून जी ओळख पटवावी लागली, ती आपल्याकडे आयती आहे. क्लबने ‘ते आमचे नाहीत’ असे एकदा पत्रक काढले, की ही ओळख सांगण्याचे कारणच संपते. काका गप्प बसतो, भाऊ गर्दीत मागे सरकतो आणि तो पोट्टा पोलिसांच्या दृष्टीने जमावातला एक होतो.

शिवाय फायनलला गाडी करून पोरे आणायची, नगारे वाजवून घ्यायचे, त्यांच्या गर्दीचे फोटो दाखवून प्रायोजक मिळवायचा आणि बाटली पडली की हात झटकायचे, हे सचोटीचे वागणे नव्हे. ज्या गर्दीचा फायदा घेतला, तिच्या गैरवर्तनाचा जाबही क्लबनेच घेतला पाहिजे. जर्मनीत १९८१ पासून, आधी ब्रेमेनमध्ये आणि मग शहरोशहरी, समर्थकांमध्ये काम करणारे समाजसेवक नेमले गेले. युरोपच्या महासंघाने २०१२–१३ च्या मोसमापासून क्लबांना समर्थकांशी बोलणारा स्वतंत्र अधिकारी ठेवणे बंधनकारक केले. आणि केरळा ब्लास्टर्सने समर्थकांच्या उघड नाराजीनंतर २०२५ मध्ये त्यांच्या प्रतिनिधींचे सल्लागार मंडळ बनवण्याचा मार्ग धरला. नागपूरच्या क्लबांकडे एवढा पैसा नाही, पण या कामाला लागणारी माणसे आहेत. बाटली फेकणाऱ्याला नावानिशी मोसमभर बंदी घालावी, ती त्याच्या घरच्यांना आणि मोहल्ल्यातल्या ज्येष्ठांना बोलावून सांगावी, आणि बाकीच्यांशी मोसम सुरू होण्याआधी बसून बोलावे.

राहिली कुटुंबांची गोष्ट. मुलगी सामना बघायला आली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या ऐकाव्या लागल्या, तर ती पुन्हा येत नाही, आणि तिचे चुकत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबला समर्थकांच्या गोंधळामुळे रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा होती. ती बदलून फक्त स्त्रिया आणि लहान मुलांना प्रवेश दिला गेला, तेव्हा ४१ हजारांहून अधिक जणी आणि मुले आली. त्यांना फुटबॉल हवा होता, हे तेवढ्याने सिद्ध झाले. आपल्या बहुतेक मैदानांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते, पिण्याचे पाणी नसते, रेषेपासून दूर बसायला बाक नसतात. टेलर यांनीही लिहिले होते की घाणेरड्या सोयींमुळे माणसांचे वागणे खालावते. या गोष्टी आयोजकांच्या हातातल्या आहेत आणि समर्थकांना हाकलून त्या होणार नाहीत. शिव्यांसाठी माझी सूचना साधी आहे. प्रत्येक क्लबकडे असा एखादा जुना खेळाडू असतो, ज्याने नुसते नाव घेऊन हाक मारली तरी पोरे गप्प होतात. फायनलच्या दिवशी त्याला पाहुण्यांशेजारी हार घालून बसवले जाते. त्याऐवजी शिट्टी वाजण्याआधी त्याला लाइन्समनच्या मागे, त्या पहिल्या रांगेत उभे करावे.