तापलेल्या रेडिएटरचं टोपण उघडायला सांगणारा तो मेसेज

परवा सकाळी साडेसहाला मेढ्याहून दाजींचा फोन. "गाडीचा हिटर गारच हवा फेकतोय रे. ग्रुपवर उपाय आलाय, तोच करतोय." थंडीत पहाटेच केळघर घाट चढून महाबळेश्वरला जायचं म्हणजे काच धुरकटते, त्यामुळे हिटर त्यांना लागतोच. काय करताय विचारलं, तर म्हणाले, "गाडी वीस मिनिटं चालू ठेवलीय. आता फडकं घेऊन रेडिएटरचं टोपण काढतो." मी फोनवरच ओरडलो. ताईने धावत जाऊन त्यांचा हात धरला, म्हणून ते थांबले.

मेसेजचं म्हणणं असं : हिटर गार म्हणजे आतली कॉइल जळाली. खात्री करायला इंजिन गरम असताना रेडिएटर उघडून पाणी उकळतंय का बघा. थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही. कुलंटऐवजी (रेडिएटरमध्ये भरायचं खास द्रव) साधं पाणी भरा. हिटर कमी वापरा, तेल (पेट्रोल-डिझेल) जास्त जळतं. आणि गॅरेजवाला डॅशबोर्ड खोलायला सांगेल, त्याला फसू नका.

टोपणाचं आधी बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने डोळे जातील. रेडिएटरचं टोपण नुसतं झाकण नसतं. ते आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे घाट चढून आलेल्या गाडीचं टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि शंभरीपार गेलेलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन वर उसळतं. समोर वाकलेल्या माणसाचा चेहरा, मान, हात त्याच्या वाटेत असतात. फडक्याने काही अडत नाही, उलट उकळतं पाणी फडक्यात मुरून हाताला चिकटतं. आतल्या झाकणाचा कुकर वाफ असेपर्यंत उघडतच नाही. रेडिएटरच्या टोपणाला तशी अडवणूक नसते, ते फिरवलं की निघतं.

माझ्यावर विश्वास नसेल तर ग्लोव्ह बॉक्समधलं गाडीचं पुस्तक काढा. दाजींना मी तेच पान उघडायला लावलं. इंजिन आणि रेडिएटर गरम असताना टोपण काढू नका, असं त्यात ठळक चौकटीत आहे. गाडी बनवणाऱ्यांचं म्हणणं खरं, की कुणी लिहिलंय याचा पत्ता नसलेल्या मेसेजचं? पाणी बघायचंच असेल तर गाडी पूर्ण गार झाल्यावर बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या दोन खुणा बघा. पातळी त्यांच्यामध्ये हवी.

थर्मोस्टॅटचा सल्लाही तितकाच उलटा. त्यातलं मेण साधारण ८२ अंशांना वितळून फुगतं, झडप उघडते आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून वाट बंद असते. हिटर गार पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे हीच झडप उघडी अडकणं. थर्मोस्टॅट काढणं म्हणजे तोच बिघाड कायमचा करून घेणं! शिवाय इंजिन थंड राहिलं की तेल जास्तच लागतं.

कॉइल तर पेट्रोल-डिझेलच्या साध्या हिटरमध्ये नसतेच. इलेक्ट्रिक गाडीत विजेचा हिटर असतो, काही डिझेल गाड्यांत जोडीला छोटा असतो, तेवढंच. बाकी गाड्यांत डॅशबोर्डमागे छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. उष्णता इंजिनचीच, एरवी वाया जाणारी, म्हणून तेल जळण्याचा मुद्दाही गेला. घाटात अडकलात तर गॅरेजपर्यंत पोचायला साधं पाणी चालेल. कायम बोअरचं पाणी भरलं तर क्षार साठून त्याच छोट्या रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात.

डॅशबोर्डचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. काही जण न तपासताच तो खोलायला घेतात, मजुरी मोठी होते. आत गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट वाफ धरत असेल, पायाखालचं मॅट ओलं होत असेल, तर मात्र आतला रेडिएटर गळतोय आणि बहुतेक गाड्यांत खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्याआधी तपासणी सोपी आहे. इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आला की हिटर पूर्ण गरमवर ठेवून थोडं थांबा, मग इंजिन बंद करा. पंख्यापासून हात लांब ठेवून, इंजिनकडून केबिनमध्ये जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना हात लावून सोडा. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा कमी पडलेलं कुलंट. एक गरम, एक गार असेल तर आतला रेडिएटर बुजलाय, हवा अडकलीय, किंवा वाटेत व्हॉल्व्ह असेल तर तो बंद राहिलाय. दोन्ही गरम असतील तर पाण्याचा दोष नाही. गरम-गार हवा मिसळणारी आतली झडप हलत नाही. ती हलवणारी केबल निसटलेली असते, नाहीतर नव्या गाड्यांत छोटी मोटर गेलेली असते.

दाजींचे दोन्ही पाइप गरम होते आणि नॉब सैल फिरत होता. मी मेढ्याला गेलो, डाव्या सीटसमोर खाली वाकून टॉर्च मारला, तर केबल क्लिपमधून सुटून लोंबत होती. नॉब गारवर ठेवला, केबल झडपेच्या दांडीला अडकवली, क्लिप दाबली. एक रुपयाही लागला नाही.

तोवर दाजींनी तो मेसेज सहा जणांना पुढे पाठवला होता. मी समोर बसून त्यांना एकेकाला फोन लावायला लावला. पाच जणांशी बोलणं झालं. सहावे पसरणी घाटात होते, फोन लागेना. ताई दर दहा मिनिटांनी लावत राहिली, दुपारी त्यांनी उचलला.