कारागृहात काम करायचं असेल तर वर्षभरासाठी या

दिवाळी जवळ आली की मला फोन यायला लागतात. कुणाच्या मंडळाला कारागृहात फराळ वाटायचा असतो, कुणाला महिला विभागात भजन करायचं असतं, एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाला सकारात्मक विचारांवर व्याख्यान ठेवायचं असतं. परवानगीचा अर्ज कुणाकडे करायचा एवढंच त्यांना हवं असतं, आणि मी ते सांगतेही. आत फराळ गेला की बायकांना आनंद होतो, त्यात खोटं काही नाही. पण यंदा एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. आतल्या माणसांना सगळ्यात जास्त गरज आहे ती पुढच्या आठवड्यात परत येणाऱ्या माणसाची. त्याच्या पुढच्या आठवड्यातही येणाऱ्याची. आणि बाई सुटून घरी गेल्यावर तिचा फोन उचलणाऱ्याची.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक झाले. ठरलेल्या वारी आत जाते. गेटवर पर्स आणि मोबाईल जमा, झडती, रजिस्टरमध्ये सही, मग महिला विभाग. तिथे जाऊन बसलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "मॅडम, माझी तारीख कधीय?"

या तारखेचं महत्त्व बाहेर बसून कळत नाही. कोर्टात पुढची तारीख पडलेली असते, पण बाईला कोर्टात नेलेलंच नसतं, कारण त्या दिवशी तिला नेणारी पोलीस पार्टी मिळाली नाही. किंवा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, उभी केली, दोन मिनिटांत बाजूला व्हायला सांगितलं, आणि न्यायाधीश साहेब काय बोलले ते तिला ऐकूच आलं नाही. वकील सरकारी की खासगी, त्यांचं नाव काय, आरोपपत्र दाखल झालं का, जामिनाचा अर्ज टाकलाय की नाही, यातलं काही तिला धड माहीत नसतं. हे सगळं मी वहीत उतरवून घेते, घरी येऊन ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर केस नंबर टाकून बघते, मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात जाऊन तिचे वकील कोण ते विचारते, आणि पुढच्या खेपेला तिला सांगते. याला कायद्याची पदवी लागत नाही. वही-पेन लागतं आणि पुढच्या खेपेला जावंच लागतं. एकदा विचारून गेलेला माणूस परत आला नाही, की ती बाई आठवडाभर दाराकडे बघत राहते आणि नंतर कुणाला काही सांगायचंच सोडून देते. अशा गप्प झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना पुन्हा बोलतं करायला फार वेळ लागतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन होती. आत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ती. म्हणजे दर चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, आणि त्यातली कितीतरी माणसं निर्दोष सुटतील. जागा तेव्हा ४,३६,२६६ जणांचीच होती. कारागृहात जाऊन पश्चात्तापावर बोलू इच्छिणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत. समोर बसलेल्या बाईने पश्चात्ताप करावा असं काही केलंय की नाही, हे अजून कोर्टालाही ठरवायचंय.

आता जामिनाचं. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं आपल्याला वाटतं. मंजूर झाल्यावर जामीनदार लागतो. जामीनदाराचं रेशन कार्ड, घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा, पगाराची स्लिप, कधी तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा, दाखला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर मराठवाड्यातून आलेली एक बाई होती. तिला जामीन मंजूर होऊन महिने उलटले होते. हंगाम संपला, टोळी गावाकडे गेली, मुकादमाने हात वर केले आणि कोर्टाची अट होती स्थानिक जामीनदाराची. ज्या तालुक्यात ती फक्त ऊस तोडायला आली, तिथे तिच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहणार होतं?

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये याच अडचणीवर निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामिनाचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, भरलं गेलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करायचा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असंही त्यात म्हटलंय. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळता, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते; २०२३ मध्ये ही मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, याआधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असले तरी अडचण येते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू केली. थोडक्यात कायदा आहे, योजना आहे, पैशाची तरतूदही आहे. त्या बाईचं नाव त्या योजनेच्या अर्जावर लिहिणारं कुणीतरी लागतं. ऊसतोडीच्या त्या बाईसाठी स्थानिक जामीनदाराची अट काढण्याचा अर्ज झाला आणि ती जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सुटली. तो अर्ज आधीही होऊ शकला असता. तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मला लोक विचारतात, तुम्ही त्यांना मार्गदर्शन काय करता? मी उपदेश करत नाही. "काय केलंस?" हा प्रश्न तर मी कधीच विचारत नाही. पोलिसांनी विचारलाय, वकिलाने विचारलाय, बराकीतल्या बायकांनी पहिल्याच रात्री विचारलाय. मी विचारते, घरी कोण आहे, मुलं कुणाकडे आहेत, झोप लागते का. एकीचा मुलगा सासूकडे होता आणि सासू मुलाखतीला, म्हणजे कारागृहात भेटायला, येत नव्हती. मुलगा शाळेत जातोय की नाही एवढं कळावं म्हणून ती तळमळत होती. शाळेत फोन करून मुख्याध्यापकांशी बोलले, मुलगा रोज येतोय असं कळलं. ते ऐकल्यावर ती पहिल्यांदा स्वतःच्या खटल्याबद्दल बोलायला तयार झाली. बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना महिना २,२५० रुपये मिळू शकतात, आई किंवा वडील तुरुंगात असलेली मुलं त्यात बसतात. आम्ही तो अर्ज भरत असताना, मुलाची जन्मतारीख सांगता सांगता, ती त्या दिवशी घरात काय घडलं ते सलग बोलली. मी पेन खाली ठेवून ऐकलं. ते काय होतं ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. सहावं लागलं की त्याला बाहेर पाठवायची तयारी सुरू होते. कुणाकडे, हा प्रश्न असतो. या काळात आईशी बोलणारं, मुलाची नातेवाइकांशी आधीच ओळख करून देणारं, बालकल्याण समितीचे कागद बघणारं कुणी असलं तर ते वेगळं होणं सुसह्य होतं. सोपं ते कधीच नसतं.

आणि सुटका. यावर कुणी बोलतच नाही. सुटकेचा आदेश पोचतो, कागद तपासले जातात, आणि बाई बाहेर पडते ती बहुतेक वेळा संध्याकाळी. हातात कपड्यांची पिशवी. मोबाईल नाही, नंबर पाठ नाहीत, नवऱ्याने दुसरं घर केलंय की काय याची धास्ती. गावाकडची शेवटची एसटी गेलेली. त्या रात्री ती कुठे जाणार हे आदल्या महिन्यात ठरलेलं असायला हवं, त्या संध्याकाळी नाही. पुढचे काही महिने तर आणखी कठीण. धुण्याभांड्याचं कामही "ती आत होती" म्हटल्यावर सुटतं. आधारला लावलेला मोबाईल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे बँक खातं चालत नाही, खातं नाही म्हणून कुठलीच योजना मिळत नाही. मी बँकेत आयुष्य काढलं, मला हे कागद येतात. तुम्हाला दुसरं काही येत असेल. शिवणकाम, मोडी वाचन, गणित, मुलांच्या शाळेची भानगड, दवाखान्याचे केसपेपर. त्यातलं काहीही इथे कामी येतं.

आता एक प्रश्न, जो दर वेळी येतो आणि यायलाच हवा. "ज्यांचं माणूस गेलं, ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांच्याकडे कोण जातं?" हा प्रश्न विचारणाऱ्यांवर मी कधी रागावत नाही. ज्या आईचं लेकरू गेलंय तिने आरोपीसाठी धावपळ करणाऱ्या माझ्याकडे तोंड फिरवलं तर तिचा तो हक्क आहे. पण एवढं जरूर सांगते, की बलात्कार, ॲसिड हल्ला अशा अत्याचारांतल्या पीडित महिला आणि मुलांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिचं कामही विधी सेवा प्राधिकरणाकडेच आहे. तिथे पीडितेचे अर्ज भरून घेणारे, तिच्याबरोबर बसणारे स्वयंसेवकही आमच्यातलेच असतात. दोन्ही बाजूंना माणसं कमी आहेत. ज्यांना कैद्यांसाठी काम करणं मनाला पटत नाही, त्यांनी पीडितांसाठी यावं. मी स्वतः तुमचं नाव तिथे देईन.

कैदी माणूस विश्वासावर बदलतो असं म्हटलं की लोकांना भाबडेपणा वाटतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेले पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये तिथे भिंतीशिवायची कैद्यांची वसाहत उभी केली. शिक्षा झालेली माणसं शेती करत कुटुंबासह राहू लागली. ती खुली वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे. हे आपल्या माणदेशात घडलंय, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कारागृहांत प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते पाठवतोय. या कामाची जाण आपल्याकडे आहे, आणि चांगल्या मनाच्या माणसांचीही वानवा नाही. सलग वेळ देणारे मात्र फार कमी आहेत.

ज्यांना यायचंय त्यांना काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगते, कारण या पाळल्या नाहीत तर नुकसान आतल्या माणसाचं होतं. चिठ्ठी आत-बाहेर नेऊ नका, कितीही साधी असली तरी. स्वतःचे पैसे देऊ नका. "मी तुला सोडवते" हे वाक्य कधी तोंडातून काढू नका, सोडवणारं कोर्ट आहे. शिपाई बायकांशी नीट बोला. त्या बारा-बारा तास ड्यूटी करतात, त्यांना डावलून आत काही होत नाही, आणि त्यातल्या कितीतरी जणी कैद्यांना जीव लावतात. आतल्या कुणाचा फोटो, नाव, गाव, केस कुठे टाकू नका, कौतुकाच्या पोस्टमध्येही नाही. तिच्या मुलीच्या शाळेतल्या कुणी ते वाचलं तर काय होईल याचा विचार करा. आणि वर्षभर देता येणार नसेल तर सरळ नाही म्हणा. तुमची अडचण मला समजते, पण आतल्या बाईला ती कोण समजावणार?

रस्ता असा आहे. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. विधी स्वयंसेवकांची भरती कधी आहे ते तिथे विचारा. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी, गृहिणी असे सगळे यात येतात. निवड झाली की प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं. मानधन थोडंच असतं, त्यावर अवलंबून राहू नका. कारागृहात नेमणूक हवी असेल तर तसं अर्जात लिहा. पुरुषांच्या बराकींसाठी पुरुष स्वयंसेवकांची फारच निकड आहे, माझ्या फ्रेंड लिस्टमधल्या निवृत्त सरांनी आणि साहेबांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

ज्या मंडळांनी फराळासाठी फोन केले त्यांना मी नाही म्हणणार नाहीये. फराळ द्या. पण मंडळातल्या दोघांची नावं मला सोबत द्या, ज्यांना दर आठवड्याचा एक वार मोकळा ठेवता येईल. घरी आधी विचारून घ्या, मग इनबॉक्समध्ये वार कळवा. कोणता वार कोणत्या विभागाला लागतो ते मी सांगते.