शिळा पाव, लाल साखरपाणी आणि सहाशेची लेन्स

उन्हाळा तोंडावर आला की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा फिरू लागतो. मथळा असा, की परसात पक्षी बोलवा आणि आठ दिवसांत फोटो काढा. खाली आठ उपाय. शिळा पाव आणि भात टाका. साखरपाण्यात लाल रंग घालून बाटली टांगा. पाण्याचे भांडे भरून ठेवा. पातेरा झाडून जाळा. विदेशी फुलझाडे लावा, कारण देशी झाडांना दहा वर्षे लागतात. रंगीत घरटी टांगा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवा. आणि सहाशे मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी मोठी लेन्स नसेल तर फोटोचा नाद सोडा.

आठांपैकी पाण्याचा उपाय अर्धा बरोबर आहे. बाकीच्यांचे एकेक करून पाहू.

"शिळा पाव, भात, फरसाण टाका"

टाकून पाहा. पहिल्या दिवशी कावळे येतील, चौथ्या दिवशी साळुंक्या आणि पारवे, आठवड्याने रात्री उंदीर. उंदरामागून धामण येते, आणि मग घरातली माणसे परसात जायला घाबरतात. पावात पक्ष्याला पोसणारे फारसे काही नसते, फरसाणात मीठ, आणि पावसाळ्यात पोदेराचा (पाववाल्याचा) पाव लवकर बुरशी धरतो.

मुळात दाण्यांच्या फीडरची रीत बर्फ पडणाऱ्या देशांतली. गोव्याच्या परसात येणारे बहुतेक पक्षी दाणे खात नाहीत. दयाळ, शिंपी, नाचण, सुभग हे किडे टिपतात. बुलबुल, हळद्या, तांबट फळांवर असतात, शिंजीर मधावर आणि कोळ्यांवर. दाणे लागतात ते मुनिया, होले, चिमण्या यांना, आणि त्यांच्यासाठी गडग्याकडेचे (दगडी कुंपणाकडेचे) दोन-तीन मीटर गवत ऑक्टोबरपर्यंत न कापता बी धरू देणे पुरते. काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडत नसेल तर अर्धे पिकलेले केळे किंवा पपईची फोड खिळ्याला टोचा, सकाळी सातला, आणि अकराला काढून टाका. मुंग्यांसाठी खांबाच्या बुडाशी पाण्याची वाटी. बुलबुल आणि तांबट यायला तेवढे बस्स.

"लाल साखरपाणी"

ही कल्पना हमिंगबर्डवरून उचललेली आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपल्याकडचा शिंजीर वेगळ्या कुळातला. तो क्वचित हवेत थबकतो, पण मध प्यायला त्याला बसायला काडी लागते. लाल रंगाची गरज कुठल्याच पक्ष्याला नाही. शिवाय तीस अंशांच्या वरच्या दमट हवेत साखरपाणी दिवसभरात आंबू लागते, बाटलीच्या नळीत काळी बुरशी धरते आणि मुंग्या बुडून मरतात. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे शिंजिराची पिल्ले साखरेवर वाढत नाहीत. आईबाप त्यांना कोळी आणि किडे भरवतात. घरट्याचे धागेसुद्धा कोळिष्टकाचेच असतात, तेव्हा शिंजीर हवा असेल तर गोठ्याच्या कौलांखालची जळमटे राहू द्या.

"पाण्याचे भांडे भरून ठेवा"

भरलेले भांडे हीच चूक आहे. बादलीत किंवा खोल टोपात पक्षी आंघोळ करत नाही, कधी बुडतोही. कुंडीखाली ठेवतात तसली मातीची पसरट थाळी घ्या, व्यास ४० ते ४५ सेंटिमीटर. एका कडेला पाणी एक-दोन सेंटिमीटर, सगळ्यांत खोल जागी पाच, त्याहून जास्त नाही. आत खडबडीत चिऱ्याचा तुकडा. गुळगुळीत चिनी मातीवर पाय घसरतो आणि स्टीलचे भांडे मे महिन्यात हात लावू देत नाही, म्हणून दोन्ही टाळा.

जागा निवडताना मांजर डोळ्यांसमोर ठेवा. थाळीभोवती दोन मीटर मोकळे, म्हणजे मांजराला झडप घालायला आडोसा नाही. त्यापलीकडे झुडूप, म्हणजे भिजलेल्या पक्ष्याला पळायला जागा आहे. जवळ मोठी काच असेल तर तिच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके चिकटवा. काचेत दिसणाऱ्या झाडावर पक्षी धडकतात.

स्थिर पाण्यापेक्षा थेंब पडणारे पाणी कितीतरी जास्त पक्षी आणते, कारण आवाज लांब जातो. फार्मसीत मिळणारा सलाइनचा नवा कोरा सेट आणि पाच लिटरचा कॅन एवढे पुरते. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. दोन सेकंदांना एक थेंब ठेवला तर मिनिटाला दीड, तासाला ९० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर दोन दिवसांवर पुरतात. पाण्याची पातळी उतरली की थेंब मंदावतो, म्हणून रोज सकाळी चाकी थोडी सैल करायची. पारदर्शक नळीत आठवड्यात शेवाळ धरून ती तुंबते. नळीला काळी चिकटपट्टी गुंडाळा आणि कॅन सावलीत टांगा.

डासांची भीती खरी आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. पण नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी थाळीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. रोज पाणी ओतून द्या आणि दर दोन-तीन दिवसांनी कड नारळाच्या सोडणाने खरवडून घासा.

"पातेरा जाळा, परस लख्ख ठेवा"

या सल्ल्याने सगळ्यांत जास्त पक्षी जातात. नवरंग ऑक्टोबरच्या सुमारास येतो तेव्हा तो पानांच्या थरात किडे, गांडुळे उलटून शोधतो. नारिंगी डोक्याचा कस्तूरही तसाच, आणि सातभाईंचे तर सगळे आयुष्य पातेऱ्यात. झाडून जाळलेल्या परसात त्यांना खायला काही नसते.

सापांची भीती इथे कोणी हसण्यावारी नेऊ नये; फुरसे आणि घोणस पातेऱ्यात बसले तर रंगामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पातेरा सगळीकडे नको. घरापासून पाच-सहा मीटर दूर, गडग्याच्या बाजूने दीड-दोन मीटर रुंदीचा पट्टा, थर पाच ते आठ सेंटिमीटर. घराभोवतीचे अंगण आणि विहिरीची वाट झाडलेलीच ठेवा, अंधारात बॅटरी घ्या, पट्ट्यात अनवाणी जाऊ नका. फवारा कसलाही नको, कडुनिंबाचासुद्धा. तो सुरवंट मारतो, आणि लिंबाच्या पानांवरचा सुरवंट म्हणजे शिंप्याच्या पिल्लांचे जेवण.

"देशी झाडांना दहा वर्षे लागतात"

उंबराला लागतीलही. धायटीला लागत नाहीत, आणि पिटकोळीचे (एक्झोराचे) बरे रोप दुसऱ्या वर्षी फुलते. पांगाऱ्याची मनगटाएवढी जाड, एक-दीड मीटर लांब फांदी मे अखेरीस गडग्याकडेला रोवली तर पावसात मुळे धरते; कुंपणाचे खांब लोक पूर्वी असेच जिवंत करत. पानांवर गाठी आल्या तर ते शेंडे छाटून परसाबाहेर नेऊन जाळायचे. गाठींमागे एक बारीकशी गांधीलमाशी असते आणि झाड खंगते.

महिन्यांचा हिशेब मांडून लावा. जानेवारी ते एप्रिल धायटी, फेब्रुवारी-मार्च पांगारा, एप्रिल-मे करवंद आणि चुन्ना हे रानफळ, मे-जूनला जांभूळ, पावसाच्या तोंडाला कढीपत्त्याची काळी फळे (बुलबुल आणि कोकिळेची त्यावर झुंबड असते), आणि पिटकोळी जवळजवळ वर्षभर. शंभर चौरस मीटरच्या परसात एवढे मावते. उंबर मात्र तेवढ्यात लावू नका. त्याची मुळे चिऱ्याच्या भिंती आणि विहिरीचा कठडा फोडतात. दहा मीटर अंतर देता आले तरच.

आंब्यावरचे बांडगूळ आम्ही ठेवायला सांगतो तेव्हा बागायतदार चिडतात, आणि त्यांचे चुकत नाही, ते झाडाचा रस ओढते. पण न फळणाऱ्या एखाद्या फांदीवर एक गुच्छ राहू दिला तर फुलटोचा येतोच. तो चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथून बांडगूळ पसरते, म्हणून एकच गुच्छ, आणि वर्षातून एकदा आजूबाजूच्या फांद्या तपासणे आले.

विदेशी सगळेच वाईट असे नाही. सिंगापूर चेरीवर तांबट आणि फुलटोचे तुटून पडतात. काजूही मूळचा ब्राझीलचा. घाणेरी आणि रानमोडी मात्र उपटाच. त्या खालची देशी झुडपे मारतात, आणि घाणेरीचे बी पक्षीच दूरवर नेतात.

"रंगीत घरटी टांगा"

बुलबुल, शिंजीर, शिंपी, सुभग, सुगरण यांपैकी एकही पेटीत राहत नाही. राहतात ते ढोलीवाले: चिमणी, दयाळ, साळुंकी. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर, दयाळाला पाच-सहा सेंटिमीटर, तळाला पाणी जायला छिद्रे, पत्र्याची पेटी मुळीच नाही. याहून चांगला उपाय फुकट आहे. शेंडा मेलेला माड घरावर किंवा वाटेवर पडणार नसेल तर उभा राहू द्या. त्यात सुतार पोखरतो, मग पोपट, साळुंकी, पिंगळा पाळीपाळीने राहतात. तांबटाला शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी पुरते.

"मोबाइलवर आवाज वाजवा"

पक्षी येतो, हे खरे आहे. तो हद्दीत शत्रू घुसला म्हणून येतो. मार्च ते जुलै दयाळाचा विणीचा काळ. नर दर वेळी भांडायला धावला तर तेवढा वेळ घरट्याकडे लक्ष नाही, आणि भारद्वाज, कावळा हे त्याच संधीची वाट पाहतात. मर्लिनसारखे अ‍ॅप ऐकायला वापरा, परसात कोण बोलतो ते ते ओळखून सांगते. वाजवू नका. घरट्याजवळ जाऊन, पाने बाजूला सारून काढलेले फोटोही त्याच जातीचे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे शिकारीत मोडते.

"सहाशेची लेन्स हवी"

इथे साधे गणित करू. बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या ए-पी-एस-सी आकाराच्या सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या पट्टीची) रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर. ३०० मिलिमीटरची लेन्स आणि पक्षी पाच मीटरवर असेल तर चौकटीत ३९ सेंटिमीटर मावतात. बुलबुल २० सेंटिमीटरचा, म्हणजे अर्धी चौकट भरली. शिंजीर दहा सेंटिमीटरचा, तो तीन मीटरवर बसला तर चौकटीची दोन पंचमांश रुंदी त्याची. परसातला प्रश्न अंतराचा आहे, आणि अंतर थाळी कुठे ठेवायची यावर ठरते. उलट काही मोठ्या सहाशेंचे किमान फोकस अंतरच चार मीटरच्या पुढे असते. छोट्या परसात ती लेन्स पक्षी जवळ आला की आंधळी.

स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार-पाच मीटरवर थाळी. थाळीच्या अर्धा मीटर वर, कॅमेऱ्याला आडवी, बोटाएवढी जाड वाळकी काठी. पक्षी आधी तिथे उतरतो, मग पाण्यात. काठीमागे निदान चार मीटर मोकळे आणि त्यामागे झुडपे, म्हणजे पार्श्वभूमी विरघळते. गडगा लगेच मागे असेल तर चिऱ्याचे प्रत्येक भोक फोटोत येईल. पाच मीटरवर ३०० मिलिमीटर आणि एफ ५.६ ला (लेन्सचे छिद्र एवढे उघडे असताना) स्पष्ट पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो, तीन मीटरवर दोनच. आडव्या काठीचा उपयोग इथे होतो: पक्षी कडेने दिसला तर डोळा आणि शेपटी दोन्ही त्या पट्ट्यात येतात.

पक्ष्याकडे चालत जाऊ नका. खिडकीला गडद कापड, त्यात लेन्सपुरती फट, खोलीतला दिवा बंद, लेन्सचे तोंड खिडकीच्या आत. काच उघडीच हवी. बाल्कांवातून (घरापुढच्या ओट्यावरून) काढायचे तर हिरवी शेडनेट दोन पदर करून बांधा आणि फोटोच्या आधी चार दिवस तशीच राहू द्या.

आंघोळीची गर्दी दुपारी चारनंतर. थाळी घराच्या पूर्वेला असेल तर त्या वेळी तिच्यावर घराची सावली येते. ती बिघाड नव्हे. दयाळाचा काळा-पांढरा रंग कडक उन्हात जळतो, सावलीत दोन्ही टिकतात. फक्त शटरचा वेग घसरू देऊ नका: बसलेल्याला १/५०० सेकंद, शिंजिराला १/१०००, पाणी उडवणाऱ्याला १/१६००, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आपोआप ३२०० पर्यंत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. लाल मातीचे प्रतिबिंब पोटावर पडून पांढरे पोट तांबूस दिसते, तेव्हा रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा आणि रंग नंतर सुधारा.

लेन्स कोणतीही असो, जून ते सप्टेंबर तिची खरी शत्रू बुरशी. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. ६० ओलांडला की जेल भाजून घ्या. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरते, म्हणून तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडा.